परदेशी जाताना मोबाइलची सोय: नंबर वेगळा, नेट वेगळं

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा ताईकडे न्यू जर्सीला पाच महिने राहायला गेले. घरी पोचल्या पोचल्या भाच्यानं दोघांच्या फोनमधली भारतातली सिमं काढली, अमेरिकेतली घातली आणि काढलेली बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. तीन आठवडे सगळं छान चाललं. मग बाबांच्या एका ठेवीची मुदत संपली. नेटबँकिंगमधून ती पुन्हा ठेवायला गेले, तर ओटीपी भारतातल्या नंबरवर. सिम परत घातलं, तर रेंज नाही, कारण निघताना रोमिंग सुरूच केलेलं नव्हतं. रोमिंग सुरू करायला मोबाइल कंपनीच्या ॲपमध्ये शिरावं, तर ते ॲपही त्याच नंबरवर ओटीपी पाठवणार. इकडे पुण्यात मी कंपनीच्या दुकानात गेले. ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांनी स्वतः यावं लागेल, असं उत्तर मिळालं. ठेवीचे पैसे ते परत येईपर्यंत बचत खात्यात पडून राहिले.

तेव्हापासून घरातलं किंवा ओळखीतलं कोणी परदेशी निघालं की मी आधी त्यांचा फोन बघायला मागते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "कुठलं सिम घेऊ?" माझ्या मते तिथंच गफलत होते. परदेशात आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे आपला भारतातला नंबर. बँक, यूपीआय, आधार, डीमॅट, विमा, सगळं त्याला बांधलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे रोजच्या वापराचं इंटरनेट. नंबर जिवंत ठेवायला फार पैसे लागत नाहीत, पण त्याची तयारी इथूनच करावी लागते. नेट मात्र तिथं गेल्यावरही मिळतं. दोन्हींचा विचार वेगवेगळा केला की निवड सोपी होते.

आधी फोन बघा

पॅक आणि सिमचे दर बघण्याआधी हातातला फोन काय करू शकतो ते पाहा. डायलरवर *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख सांगणारे नंबर, दिसतील. त्यांच्यासोबत 'ईआयडी' असा लांबलचक आकडाही दिसला, तर फोनमध्ये ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डिजिटल स्वरूपात टाकायचं सिम, चालतं. आयफोनमध्ये २०१८ सालच्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे. सॅमसंगच्या वरच्या मॉडेलमध्ये आणि पिक्सेलमध्येही आहे. आपल्याकडच्या कितीतरी मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र नाही. त्यांत दोन सिमच्या जागा असतात, पण काही फोनमध्ये दुसऱ्या जागेत मेमरी कार्ड बसवलेलं असतं. तसं असेल तर कार्डावरचे फोटो आधी लॅपटॉपवर घ्या, कारण तिथलं सिम घालताना ते कार्ड काढावं लागणार आहे.

मुलानं अमेरिकेतून पाठवलेला आयफोन असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथं विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनना सिमचा ट्रेच नाही. त्यात भारतातला नंबरही ईसिमवरच चालवावा लागतो आणि विमानतळावर मिळणारं साधं सिम बसत नाही. उलट, चीनमध्ये विकल्या गेलेल्या बहुतेक आयफोनमध्ये ईसिम नाही. फोन परदेशातल्या एखाद्या मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला असेल तर तो लॉक आहे का तेही विचारा. लॉक असलेल्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

आजोबांचा बटणांचा टू-जी फोन बरोबर नेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जीसुद्धा बंद केलं. ऑस्ट्रेलियात ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. सिंगापूरमध्ये टू-जी २०१७ मध्येच बंद झालं होतं, थ्री-जी २०२४ मध्ये गेलं. अशा देशांत जुना फोन इमर्जन्सी नंबरलाही लागेल याची खात्री नाही. ज्येष्ठांना फोर-जी आणि व्होल्टी (फोर-जीवरूनच कॉल करायची सोय) असलेला साधा फोन निदान महिनाभर आधी द्या, म्हणजे प्रवासाच्या आधी त्यांचा हात बसेल.

भारतातला नंबर जिवंत ठेवणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी करायचा आहे.

पहिलं काम रिचार्जचं. प्रीपेड प्लॅनची मुदत संपली की आधी आउटगोइंग बंद होतं आणि पुढं इनकमिंगही जातं, म्हणजे ओटीपीही थांबतात. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. बॅलन्स निदान २० रुपये असेल तर तेवढे कापून आणखी ३० दिवस नंबर ठेवावा लागतो. पण या नियमाच्या भरवशावर राहू नका. परतीच्या तारखेच्या पुढं महिनाभर जाईल असा रिचार्ज करून ठेवा. लांबच्या मुक्कामासाठी आता चांगला पर्याय आहे. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे, डेटा नसलेले प्लॅन देणं बंधनकारक केलं आणि अशा प्लॅनची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला भारतातल्या रोजच्या दोन जीबी डेटाचा काय उपयोग? कंपनीच्या ॲपमध्ये हे प्लॅन खालच्या बाजूला दडलेले असतात, तिथवर जाऊन शोधा.

दुसरं काम रोमिंग सुरू करण्याचं. इथं एक घोटाळा नेहमी होतो. 'रोमिंग सेवा' वेगळी आणि 'रोमिंग पॅक' वेगळा. सेवा सुरू असेल तर तिकडं गेल्यावर नंबर नेटवर्क पकडतो आणि ओटीपीचे मेसेज येतात. आपल्या बहुतेक कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला पैसे लावत नाहीत. पॅक लागतो तो कॉल आणि डेटा वापरायला. तेव्हा फक्त ओटीपी हवे असतील तर महागडा पॅक घ्यायची गरज नाही, सेवा सुरू असणं मात्र आवश्यक आहे. कस्टमर केअरला फोन करून हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: माझ्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का? ते सुरू राहायला कमीत कमी कुठला रिचार्ज लागतो? मी जातोय त्या देशात येणारा मेसेज मोफत आहे का? आणि तिथल्या कुठल्या नेटवर्कशी तुमचा करार आहे? शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण विमानतळावर रेंज आली नाही की त्याच उत्तराची गरज पडते.

तिसरी गोष्ट, सिम बदलायचं असेल तर आत्ताच बदला. साधं सिम ईसिमवर न्यायचं असेल किंवा घासलेलं जुनं सिम बदलायचं असेल, तर नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर मेसेज येत-जात नाहीत. सिम बदलून होणारी फसवणूक रोखायला दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये ही अट घातली. अनेक बँकांची ॲप सिम बदलल्यावर पुन्हा नोंदणी मागतात. हे सगळं निघायच्या आदल्या रात्री केलं, तर विमानतळावर एक साधा ओटीपीही मिळणार नाही.

चौथं, यूपीआय. यूपीआयचं ॲप फोन आणि सिम या दोन्हींना बांधलेलं असतं. फोन बदलला किंवा ॲप काढून परत टाकलं, की ते भारतातल्या सिमवरून आपोआप एक मेसेज पाठवून नंबर तपासतं. परदेशातून तो मेसेज जाताना अडकू शकतो आणि त्याचे पैसेही लागतात. म्हणून तिकडं गेल्यावर नवा फोन घ्यायची हौस असेल तर जुना फोन, भारतातल्या सिमसकट आणि सगळ्या बँक ॲपसकट, तसाच ठेवा. भूतान, नेपाळ, सिंगापूर, यूएई, श्रीलंका, मॉरिशस आणि फ्रान्समधल्या काही ठिकाणी क्यूआर स्कॅन करून यूपीआयनं पैसे देता येतात. त्यासाठी ॲपमधली आंतरराष्ट्रीय सुविधा चालू करावी लागते, ती घरीच करून घ्या.

व्हॉट्सॲपबद्दलही हल्ली सांगावं लागतं. आजवर सिम काढून ठेवलं तरी व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर चालत राहायचं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं मेसेजिंग ॲपना सूचना दिल्या, की ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं. त्यामुळे माझा सल्ला आता अगदी ठाम आहे: भारतातलं सिम फोनमधून काढू नका. तिथलं सिम दुसऱ्या जागेत किंवा ईसिमवर घ्या. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप "नंबर बदलायचा का?" असं विचारतं. तिथं नाही म्हणा. नंबर बदलला तर ओळखीतल्यांच्या गोंधळात भरच पडते.

जाता जाता बँकेचं एक काम: ओटीपी ईमेलवरही येण्याची सोय असेल तर ती सुरू करून घ्या. आणि १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून कार्ड हरवल्यास कळवण्याचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

आता नेट: कोणाला काय सोयीचं

नेट मिळवायचे मार्ग तसे चारच. भारतातल्या कंपनीचा रोमिंग पॅक, तिथलं प्रवासी सिम, प्रवासासाठीचं ईसिम, आणि तिथं आपलं माणूस असेल तर त्याच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. किती दिवस, किती देश आणि फोन हाताळणारा माणूस कोण, या तीन गोष्टींवर ते ठरतं.

रोमिंग पॅक महाग असतो, हे खरं. पण तो निरुपयोगी नाही. तीन-चार दिवसांचं ऑफिसचं काम असेल, कॉल भारतातल्या नंबरवरच यायला हवे असतील, किंवा फोनमधलं काहीही बदलायला घाबरणारे ज्येष्ठ एकटे जात असतील, तर मी पॅकच सुचवते. उतरलं, फोन चालू केला, झालं. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पॅक विकत घेतल्या क्षणापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? आणि तुमच्या यादीतला प्रत्येक देश त्यात आहे का? पॅकशिवाय डेटा चालू राहिला तर दर एमबीप्रमाणे पैसे लागतात, आणि एका जीबीत हजाराहून जास्त एमबी असतात. महिन्याच्या शेवटी येणारी भयंकर बिलं अशीच तयार होतात.

तिथलं सिम एकाच देशात आठवडाभर किंवा जास्त राहणाऱ्याला सगळ्यात स्वस्त पडतं. थायलंडमध्ये विमानतळावरच एआयएस आणि ट्रू यांचे काउंटर असतात. पासपोर्ट दाखवायचा, ते नोंदणी करतात, सिम घालून नेट चालू करून देतात. सिंगापूरलाही असंच आहे. सिम सुरू झालं का हे काउंटरवरून हलण्याआधी स्वतः एखादं पान उघडून बघा आणि काढलेलं सिम त्यांनी परत दिलं का ते पाहा. जपानमध्ये पाहुण्यांना मिळणारी सिमं बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यांवर कॉल करायचा नंबर मिळत नाही. हॉटेलला फोन करायचा असेल तर तो नेटवरून करावा लागतो.

ईसिम मला स्वतःला सगळ्यात आवडतं, कारण भारतातलं सिम जागचं हलत नाही. मात्र खरेदी करताना भारतातला एक नियम लक्षात ठेवा. परदेशी सिम किंवा ईसिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ती नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन सेवा भारतात ब्लॉक करायला सांगण्यात आलं. त्यामुळे इथून घेताना परवानगी असलेल्या विक्रेत्याकडून घ्या आणि पासपोर्ट-व्हिसाची कागदपत्रं मागितली तर द्या, तो त्या नियमाचाच भाग आहे. ईसिम घरच्या वायफायवर, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी टाकून ठेवा. टाकायलाच इंटरनेट लागतं, आणि परक्या विमानतळावर वायफाय शोधत उभं राहायची वेळ येऊ नये. बहुतेक ईसिमची मुदत तिथलं नेटवर्क पकडल्यावर सुरू होते, तरी घेताना अटी वाचा. एकदा टाकलेलं ईसिम चुकूनही पुसू नका. ते टाकायला कंपनी जो क्यूआर देते, तोच पुष्कळदा दुसऱ्यांदा चालत नाही.

युरोपच्या टूरला जाणाऱ्यांसाठी

इथं जरा थांबते, कारण आपल्याकडून जाणाऱ्या टूरमधल्या लोकांची फसगत इथंच जास्त होते.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता वापरता येतं. हा नियम पुढं २०३२ पर्यंत वाढवलेला आहे. म्हणजे पॅरिसला घेतलेलं सिम बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली असं सगळीकडं चालतं. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनही यात येतात. पण आपल्या टूरचा सगळ्यात लाडका मुक्काम असतो स्वित्झर्लंड, आणि तो यात नाही. ब्रिटनही ब्रेक्झिटनंतर या नियमाबाहेर आहे. काही कंपन्या आपणहून हे दोन देश पॅकमध्ये घालतात, काही घालत नाहीत. त्यामुळे "युरोप" असं लिहिलेलं सिम हातात घेतलं की देशांची यादी उघडून 'स्वित्झर्लंड' आणि 'युनायटेड किंगडम' ही दोन नावं शोधा. नसतील तर युंगफ्राऊच्या बर्फात उभं राहून घरी व्हिडिओ कॉल लावायचं राहून जाईल, किंवा बॅलन्स क्षणात संपेल. टूरमध्ये वाडुझचा थांबा असेल तर ते लिश्टेनश्टाइनमध्ये आहे. तिथं नियम लागू आहे, पण देश एवढा चिमुकला आणि स्वित्झर्लंडला इतका चिकटलेला, की फोन स्विस टॉवर कधी पकडेल सांगता येत नाही.

टूर लंडनपासून सुरू होत असेल तर ब्रिटनचं सिम घेऊन पुढं सगळा युरोप फिरायचा विचार बहुतेक जण करतात. ते चालतं, पण त्या पॅकमध्ये युरोपात किती डेटा वापरता येतो ते बघा. ब्रिटनमध्ये १०० जीबी असला तरी बाहेर त्याहून बराच कमी मिळू शकतो. जर्मनीत सिम सुरू करायला ओळख पडताळणी लागते आणि ती कधी कधी व्हिडिओ कॉलवर होते. बसनं फिरणाऱ्या टूरमध्ये त्यासाठी वेळ मिळत नाही. दहा-बारा दिवसांत सहा देश करणाऱ्यांना मी सरळ सांगते: फोनमध्ये ईसिम चालत असेल तर सगळ्या देशांचं एकच ईसिम घ्या, नसेल तर इथूनच देशांची यादी तपासून सिम घ्या. चार जणांचं कुटुंब असेल तर दोघांच्या फोनमध्ये घ्या, बाकीच्यांना हॉटस्पॉट द्या. एकाच्याच फोनवर सगळी भिस्त ठेवू नका. गर्दीत चुकामूक झाली की हॉटस्पॉटवाला एकीकडं आणि बाकीचे दुसरीकडं, मग कोणाचाच संपर्क होत नाही.

आखात, तुर्की, चीन

दुबई-अबूधाबीला सिम मिळणं सोपं आहे, पण तिथल्या नेटवर व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत. मेसेज आणि फोटो जातात, कॉल लागत नाही. तिथं परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. घरच्यांच्या फोनमध्येही ते ॲप आधी टाकून, एकदा लावून बघा. नाही तर पोचल्याचा फोन आला नाही म्हणून इकडे आई रात्रभर जागी राहते. मी असं घडताना पाहिलं आहे.

तुर्कीत बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं तर तो फोन १२० दिवस चालतो, त्यापुढं नोंदणी करावी लागते. पर्यटकाला त्याची झळ बसत नाही, विद्यार्थ्याला बसते. परदेशी ईसिम विकणाऱ्या अनेक साइट तिथं २०२५ मध्ये बंद केल्या गेल्या, म्हणून ईसिम निघण्याआधीच टाका.

चीनमध्ये तिथल्या सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही चालत नाहीत. रोमिंगमध्ये मात्र आपला डेटा मूळ कंपनीमार्फत फिरतो, त्यामुळे भारतातल्या सिमच्या रोमिंग पॅकवर ते चालतात. हा एक देश असा, की जिथं महाग असूनही मी रोमिंग पॅक आधी बघायला सांगते.

अमेरिकेत सहा महिने

मुलीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांसाठी जाणाऱ्या आजी-आजोबांचा हा प्रश्न. त्यांना रोमिंग पॅक परवडणारा नाही आणि प्रवासी सिमही नको. मुलाच्या किंवा मुलीच्या फॅमिली प्लॅनमध्ये दोन लाइन वाढवून घेणं सगळ्यात सोयीचं, कारण लाइन वाढतील तसा दर लाइनमागचा दर उतरतो. ते जमत नसेल तर मिंट किंवा टेलोसारख्या स्वस्त प्रीपेड सेवा आहेत. मुलं कामावर गेल्यावर आई-बाबा फिरायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्याकडे तिथला चालू नंबर असायलाच हवा. डॉक्टरांची वेळ घेणं, कॅब बोलावणं, पार्सलवाल्याशी बोलणं, सगळं त्यावर होतं. तो नंबर त्यांच्या फोनमध्ये आणि खिशातल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडं लिहून ठेवा.

नायगारा बघायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, अमेरिकेच्या बाजूला उभं राहूनही फोन समोरच्या कॅनडाचं नेटवर्क पकडू शकतो. प्लॅनमध्ये कॅनडा नसेल तर तिथं नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हातानं निवडा.

शिकायला जाणाऱ्या मुलांना फक्त एक गोष्ट सांगते. भारतातला नंबर सोडायची घाई करू नका. अनिवासी खातं सुरू झालं की काही देशांतल्या नंबरवरही यूपीआय चालतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएई अशा दहा देशांसाठी ही वाट मोकळी केली. पण आधार, जुनी खाती, आई-वडिलांच्या विम्यातलं वारसाचं नाव, सगळं जुन्या नंबरवर असतं. वर्षाचा एक साधा रिचार्ज घरच्यांनी इथून केला की नंबर टिकतो.

किती डेटा पुरतो

लोक घाबरून गरजेपेक्षा बराच जास्त घेतात. व्हॉट्सॲपच्या तासभर साध्या कॉलला शंभराहून बरेच कमी एमबी पुरतात, व्हिडिओ कॉलला साधारण २५० ते ४०० एमबी लागतात. नकाशा फार थोडा डेटा खातो. खरा खाऊ असतो तो रील्स, यूट्यूब आणि न विचारता चालणारा फोटोंचा बॅकअप. हॉटेलमध्ये वायफाय असेल आणि बॅकअप बंद असेल, तर फिरायला जाणाऱ्याला दिवसाला एक जीबी भरपूर होतो. दिवसभर व्हिडिओ काढून लगेच पाठवणारे असाल तर दोन धरा.

निघण्याच्या आदल्या रात्री

भारतातल्या सिमचं 'डेटा रोमिंग' बंद करा, पण लाइन चालू ठेवा. लाइन चालू असेल तरच ओटीपी येतात. डेटासाठी नवं सिम निवडा आणि फक्त त्याचं डेटा रोमिंग चालू ठेवा, कारण प्रवासी ईसिम बहुधा दुसऱ्या देशाच्या कंपनीचं असतं आणि रोमिंग बंद असेल तर ते चालतच नाही. आयफोनमध्ये 'अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग' बंद करा. ते चालू राहिलं तर नव्या सिमची रेंज गेली की फोन परस्पर भारतातल्या सिमचा डेटा वापरायला लागतो. आयमेसेज आणि फेसटाइम नवं सिम दिसलं की नोंदणीसाठी गुपचूप मेसेज पाठवतात, गरज नसेल तर बंद ठेवा. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवा. शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. फोनमधले सगळे भारतातले नंबर +९१ लावून ठेवा, नाही तर तिकडून एकही लागणार नाही. सिम काढायची पिन पर्समध्ये टाका.

घरच्यांना सांगून ठेवा की भारतातल्या नंबरवर साधा फोन करू नका. पॅक नसेल तर आलेला कॉल उचलल्याचेही पैसे लागतात.

विमानात, जहाजावर आणि उतरल्यावर

विमानात फोन फ्लाइट मोडवरच ठेवा. काही विमानांत आणि पुष्कळ क्रूझवर उपग्रहावरचं स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असतं. फोन ते आपणहून पकडतो. साधे पॅक आणि ईसिम त्यावर लागू होत नाहीत आणि दर अवाच्या सव्वा असतात. क्रूझवर बंदर सोडताना फ्लाइट मोड लावून ठेवा आणि नेट हवं असेल तर जहाजाचं वायफाय घ्या.

उतरल्यावर रेंज यायला पाच-दहा मिनिटं लागू शकतात. नाही आली तर क्रमानं करून बघा: फ्लाइट मोड चालू-बंद, मग फोन बंद करून सुरू, मग नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून करारातल्या कंपनीचं नाव निवडणं. रेंज आहे पण नेट नाही, असं असेल तर बहुतेक वेळा डेटा रोमिंग चालू करायचं राहिलेलं असतं किंवा एपीएन, म्हणजे नेटसाठी फोनमध्ये भरायचं कंपनीचं सेटिंग, चुकलेला असतो. एपीएन ईसिमसोबत आलेल्या ईमेलमध्ये लिहिलेला असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा. मग विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. बँकेच्या ॲपमध्ये शिरून एक ओटीपी मागवा. तो आला की नंबर आणि नेट दोन्ही नीट आहेत हे कळतं. आला नाही तर तिथं वायफाय आहे, घरी कोणीतरी जागं आहे, आणि दुरुस्ती करायला वेळ आहे.

परत आल्यावर भारतातल्या सिमवर डेटा पुन्हा वळवा, तिथलं ईसिम आता पुसा, पोस्टपेड असेल तर रोमिंग बंद केल्याचा मेसेज आला का ते बघा, आणि पुढची दोन बिलं नीट वाचा. रोमिंगचे आकडे बरेचदा उशिरा येतात. चुकीची रक्कम लागली असेल तर तक्रारीचा नंबर घेऊन ठेवा आणि कंपनीनं ऐकलं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडं जा. दर कंपनीला तो नेमावाच लागतो.